चाळिसावं घर

माझ्या पहिल्या नकाशात समुद्र चुकीच्या जागी होता. आज हे मी हसत सांगतो, पण त्या वर्षी ही चूक कबूल करताना माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, समुद्रकाठच्या एका गावच्या म्युनिसिपालिटीत मी ओव्हरसियर म्हणून लागलो. नोकरी हंगामी होती. माझं घर पालीच्या बाजूला, आत, भातशेतीचं. घराण्यात डिप्लोमा झालेला मी पहिलाच, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. समुद्र मी त्याआधी दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा लांबून.

गावाच्या पश्चिमेला कोळीवाडा होता. कुडाच्या भिंती, झावळ्यांची छपरं, सगळी घरं एकमेकांना चिकटून. आदल्या उन्हाळ्यात एका चुलीची ठिणगी उडाली आणि दुपारच्या वाऱ्यावर अर्धा वाडा जळून गेला. माणसं वाचली. म्युनिसिपालिटीनं ठराव केला की जळलेल्या घरांसाठी चाळीस पक्की घरं बांधायची. जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, प्रत्येक घराला मोरी आणि दोन खिडक्या. सरकारचं अनुदान मंजूर झालं. अट एकच होती, मार्च संपायच्या आत कामाला हात लागला पाहिजे, नाहीतर अनुदान परत. चीफ ऑफिसरांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, "हे काम नीट पार पाडलंत तर तुम्हाला कायम करू." त्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं, की आता मुलगी बघायला हरकत नाही.

जागा होती रस्ता आणि समुद्र यांच्यामधली, म्युनिसिपालिटीच्या मालकीची. साखळी आणि एक शिपाई घेऊन मी तीन दिवस ती मोजली. समुद्राच्या बाजूची हद्द कुठे धरायची, हा प्रश्न होता. मी काही वरवरचं काम करणारा माणूस नव्हे. तिन्ही दिवस संध्याकाळी भरती पुरी येईपर्यंत मी वाळूत उभा राहिलो आणि पाणी जिथे थांबलं तिथे खुंट्या ठोकल्या. तीन दिवसांच्या खुंट्या जवळजवळ एका रेघेत आल्या. बरंच वर, कोरड्या वाळूत, वाळलेल्या शेवाळाची एक काळी रेघ होती. ती पावसाळ्यातली असणार, असं माझं मीच ठरवून टाकलं. कोळीवाड्यातल्या बायका लांबून बघत होत्या. त्यांना विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

आमच्याकडे शेताचा बांध असतो. तो हलत नाही, आणि हललाच तर दोन भाऊ कोर्टात दिसतात. मी समुद्रालाही तसाच बांध असेल असं धरून चाललो होतो.

नकाशा देखणा झाला. रस्त्याच्या कडेला बगीचा, कारण प्रेसिडेंटसाहेबांना बगीचा हवाच होता. किहीमला मुंबईकरांचे बंगले झाले होते, तसं आपल्या गावालाही रूप यावं असं त्यांच्या मनात होतं. बगीच्यामागे घरांच्या दोन ओळी, वीस आणि वीस. आणि घरांच्या मागे, थेट माझ्या खुंट्यांपर्यंत, एक लांबरुंद पट्टी. तिच्यावर मी सुरेख अक्षरात लिहिलं, "मासे वाळविण्याची जागा". सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या. चाळीस कुटुंबांची यादी झाली, नकाशा मंजूर झाला आणि ऑफिसातल्या भिंतीवर लागला.

माघ महिन्यात एक दिवस एक म्हातारी ऑफिसात आली. काटक, उभ्या अंगाची, कासोटा घातलेली, कपाळ मोकळं. तिचा नवरा आणि मुलगा एकाच वादळात गेले होते. घरात आता ती, सून आणि दोन नातवंडं. होडी नाही, पुरुष नाही. दुसऱ्यांच्या होड्यांवरचा बोंबील-जवळा घ्यायचा, वाळवायचा आणि पावसाळ्याआधी सुकट विकायची, यावर चार पोटं चालत. आग लागल्यापासून ती जुन्या शिडाच्या कापडाखाली राहत होती. कोळीवाड्यातल्या बाया तिचा शब्द मोडत नसत, हे मला पुढे कळलं.

"माजं घर दाव," ती म्हणाली.

मी नकाशात समुद्राकडच्या ओळीतल्या सतराव्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे तुमचं, मावशी."

ती कागदाकडे बघत राहिली. "आनि खलं?"

खळं म्हणजे मासळी वाळवायची जमीन. जवळा पसरायचा तो तिथेच, बोंबील टांगायच्या बांबूच्या रांगा उभ्या राहायच्या त्याही तिथेच. मी पट्टी दाखवली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. हसली नाही, पण हसू आवरत असावी असं आता वाटतं.

"कागदावर मना काय दिसत न्हाय, सायब. रेतीवर काडून दाव. अवसंला ये, सकालच्याला."

मला वाटलं, अडाणी बाई आहे, नकाशा वाचता येत नाही, दाखवू जागेवर. मी अगदी उदार मनानं कबूल झालो.

अमावस्येला सकाळी गेलो तर वाडाभरच्या बाया जाळ्यांचे जुने दोर घेऊन तयार होत्या. मी मापं सांगायची, त्यांनी खुंट ठोकून दोर ताणायचा. दोन तासांत वाळूवर चाळीस घरं उभी राहिली, म्हणजे आडवी पडली. दार कुठे, खिडकी कुठे, मोरी कुठे, सगळं मी दोरानं दाखवलं. म्हातारी सतरा नंबरात शिरली, दारातूनच, दोर न ओलांडता. कोपऱ्यात तिनं तीन दगड मांडले आणि चूल केली. हंडा ठेवला. "घर ब्येस हाय," ती म्हणाली. मी फुललो. मग ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि सुनेला म्हणाली, "खल्यान जवला घाल."

सुनेनं माझ्या पट्टीवर टोपलीभर ओला जवळा पसरला. बाया वाळूत बसल्या आणि पान लावू लागल्या. मला कळेना की आता कशाची वाट बघतात. निघायला लागलो तर म्हातारी म्हणाली, "बस जरा. पावनं येयाचंत."

पाहुणे आले, समुद्राकडून. उन्हं डोक्यावर येत होती तसतसं पाणी चढत होतं. माझ्या खुंट्यांपाशी पोचलं तेव्हा ते थांबेल म्हणून मी बघत राहिलो. ते थांबलं नाही. खुंट्या बुडाल्या, पट्टीचा मधला भाग ओला झाला, जवळा उचलला गेला आणि तरंगत परत समुद्रात निघाला. सतरा नंबरच्या मागच्या दारापासून दोन हातांवर, नेमकं त्या काळ्या शेवाळाच्या रेघेला टेकून, पाणी उभं राहिलं. माझ्या नकाशातली मासे वाळवायची सगळी जागा समुद्रात होती, आणि मी तिच्यात घोट्यापर्यंत बूट भिजवून उभा होतो.

कुणी हसलं नाही. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हातारीनं मला समजावलं, लहान मुलाला सांगावं तसं. अष्टमी-नवमीला पाण्याला जोर नसतो, त्याला ते भांग म्हणतात. पुनवेला आणि अवसेला उधाण येतं. मी मोजणी केली होती अष्टमी, नवमी, दशमीला. महिन्यातलं सगळ्यात आळशी पाणी निवडून मी त्याच्यावर चाळीस घरांचा नकाशा बेतला होता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी जरा चिडूनच विचारलं. चूक आपली असली की राग दुसऱ्याचा येतो.

"आमाला वाटलं, शिकलेला पोर हाय, कायतरी दुसरंच मोजीत आसंल," ती म्हणाली. मग गंभीर झाली. "कचेरीत सांगितलं आसतं तर कागूद खरा आन आमी खोटं. म्हनून म्हटलं, पान्यालाच सांगू दे. पोरा, घर न्हाय दिलंस तरी चालंल. शिडाखाली बी दिस निगतात. पर खलं पायजेल. खलं गेलं तर ही दोन पोरं काय खातील?"

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. पण सकाळी उठलो तेव्हा एक गोष्ट पक्की झाली होती. चूक माझी होती, ती मीच निस्तरणार.

उपाय अवघड नव्हता. सगळं रस्त्याकडे सरकवायचं. घरं बगीच्याच्या जागी, खळं घरांच्या जागी, काळ्या रेघेच्या वर. मी चीफ ऑफिसरांकडे गेलो आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "महिन्यातून चार दिवस पाणी येणार. आलं तर आलं. वाळवणारच आहेत ना ते?"

"ओलं झालेलं वाळवण परत वाळत नाही साहेब, कुजतं. आणि पाणी वाट बघत नाही, घेऊन जातं."

"बगीचा काढायचं प्रेसिडेंटना कोण सांगणार? मी नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे. नकाशा मंजूर आहे, मार्च तोंडावर आहे. गप्प बसा."

माझा स्वभाव तसा हेकट. आई म्हणायची, याला नको म्हटलं की हा हटकून तेच करणार. मी थेट प्रेसिडेंटसाहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू एका अवसेचं पाणी पाहिलंस. एखादं मोठं येतं कधीतरी. गावाचा बगीचा मी तेवढ्यासाठी घालवू?"

मी हे म्हातारीला येऊन सांगितलं तेव्हा ती बोंबील टांगत होती. हात न थांबवता म्हणाली, "मंग त्यांना जेवाया बोलीव. हावलीच्या पुनवेला."

होळी म्हणजे कोळीवाड्याचा वर्षाचा सण. त्या दिवशीचं आमंत्रण नाकारणं म्हणजे गावाशी वैर. शिवाय प्रेसिडेंटसाहेब प्रत्येक भाषणात समतेवर बोलत, त्यामुळे त्यांना नाही म्हणायला जागाच नव्हती. आमंत्रणं मी स्वतः दिली, घरोघर जाऊन. नैवेद्य पुरणपोळीचा आहे, मासळीचा नाही, हेही सांगितलं. तरी दोन सभासदांना त्याच दिवशी पित्त झालं. बाकीचे आले.

त्या दोन आठवड्यांत वाळूवरची दोरांची घरं कितीदा मोडली आणि कितीदा उभी राहिली याची गणती नाही. मागच्या पट्टीचे दोर उधाणानं उपटले, घरांच्या ओळींतून कुत्री आणि बैलगाड्या गेल्या. बाया दर ओहोटीला येऊन ते परत ताणत. मी ऑफिस सुटल्यावर जाई आणि मापं तपासून बघे. एकदा शिपाई म्हणाला, "साहेब, हे उद्या परत जाणार." मी म्हटलं, "मग परवा परत बांधू." हे वाक्य माझं नव्हतं, मी ते तिथेच शिकलो होतो.

पंगत कुठे मांडायची, हे म्हातारीनं मला विचारलं. खरं म्हणजे तिनं ठरवलंच होतं, पण ते माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "मंजूर नकाशाप्रमाणे. मासे वाळविण्याच्या जागेवर, अगदी मधोमध."

पुनवेला दुपारी साडेअकराला मंडळी बसली. चटया, पाटावर केळीची पानं, समोर शांत समुद्र. गार वारा सुटला होता. प्रेसिडेंटसाहेब खूश होते. पोळ्या पडल्या, वर तूप आलं, कटाची आमटी आली. पाणी तेव्हा बरंच खाली होतं. मी वाढायला होतो. वाढता वाढता सारखा पाण्याकडे बघत होतो, कारण पाणी आलं नाही तर माझी नोकरी गेली आणि आलं तरी बहुतेक गेलीच.

दुसरी पोळी पडली तेव्हा पहिली लाट चटईच्या कडेला लागली. टोकाचे सभासद पाय आखडून बसले. तिसऱ्या पोळीला चटई तरंगायला लागली. एक जण अर्धवट उठला, तशी म्हातारी समोर येऊन हात जोडून उभी राहिली.

"उटू नका, बाबा. पंगत मोडू नये. सनाचा दिस हाय."

सणाच्या भरल्या पंगतीतून कुणी मधेच उठत नाही. उठलेला सभासद खाली बसला, पाण्यातच. प्रेसिडेंटसाहेबांचं पान पाटासकट हललं. त्यांनी ते डाव्या हातानं धरून ठेवलं, उरलेली पोळी शांतपणे संपवली, आमटी प्यायली आणि मग सगळ्यांबरोबर उठले. परीटघडीचं धोतर कमरेपर्यंत भिजलं होतं. बायांनी पंगतीशेजारी टांगून ठेवलेले बोंबील ओले होऊन लोंबत होते. प्रेसिडेंटसाहेबांनी ते पाहिले.

"हा नकाशा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

चीफ ऑफिसर माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "माझा. मी भांगाच्या पाण्यात मोजणी केली. कुणाला विचारलं नाही. चूक पूर्ण माझी आहे."

"मग दुरुस्तही तूच कर. आठ दिवसांत." धोतर पिळत ते म्हणाले, "बगीच्याला काय, पुढेमागे दुसरी जागा मिळेल." तो माणूस त्या क्षणी मला फार मोठा वाटला. मतभेद आमचे पुढेही झाले, पण ते ओलं धोतर मी कधी विसरलो नाही.

आठ दिवस मी खाली मान घालून काम केलं. सगळं जमलं, फक्त एका ठिकाणी अडलं. बगीच्याच्या जागेत एक जुनी सार्वजनिक विहीर होती, ती बुजवता येत नव्हती. खळं पुरतं कोरडं ठेवायचं तर घरं एकोणचाळीसच बसत होती. मी खोल्या अरुंद करून पाहिल्या, मोऱ्या हलवून पाहिल्या. चाळिसावं घर काही केल्या बसेना. खळ्याचा तुकडा तोडला तरच बसत होतं.

मी ते वाड्यात जाऊन सांगितलं. यादीतून कुणाचं नाव कापायचं?

"माजं काप," म्हातारी म्हणाली. "मी आदीच बोलले व्हते, घर न्हाय दिलंस तरी चालंल. खलं तोडू नको."

मी वाद घातला. सुनेकडे बघितलं. ती मान खाली घालून बसली होती, डोळे पुसत होती, पण सासूच्या विरुद्ध बोलली नाही. मी म्हातारीच्या नावावर रेघ मारली. आयुष्यात मी पुष्कळ रेघा मारल्या, पण त्या रेघेला माझा हात जड झाला. तिथेच मी म्हटलं, "मावशी, हे घर माझ्यावर उधार राहिलं. ते मी बांधणार." ती म्हणाली, "बगू."

मार्च संपायच्या दोन दिवस आधी पायाची पहिली कुदळ पडली. दीड वर्षात एकोणचाळीस कुटुंबं आत गेली. म्हातारी खळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कुडाची झोपडी घालून राहिली, कावळ्या-कुत्र्यांपासून वाडाभरची मासळी राखत. मला कायम करायचा कागद चीफ ऑफिसरांनी असा काही ठेवला, की तो दोन वर्षं कुणाला सापडला नाही. ठरलेली सोयरीक तेवढ्यात मोडली. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नकाशा परत जुना करावा असं एकदाही वाटलं नाही.

दर वर्षी बजेटच्या सभेपुढे मी एक टिपण ठेवत असे, "कोळीवाडा योजना, एक घर शिल्लक." दर वर्षी ते पुढे ढकललं जाई. एका सभासदानं चेष्टेत मला 'एक घर' असं नाव पाडलं. मी म्हटलं, खुशाल म्हणा, पण मंजूर करा. प्रेसिडेंट बदलले, चीफ ऑफिसर बदलले, महाराष्ट्र राज्य झालं, टिपण तेच राहिलं. आठव्या की नवव्या वर्षी नव्या मंडळींनी कंटाळून हात वर केले. झोपडीची होती तेवढ्याच जागेवर, बाकीच्यांपेक्षा लहान, पण खळ्याचा आणखी वीतभरही तुकडा न घेता, मी ते घर बांधलं. दाराचं तोंड खळ्याकडे ठेवलं.

चावी द्यायचा छोटा समारंभ ठरला. हार आणले, चार माणसं जमली. म्हातारी आता वाकली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं. नातवंडं मोठी झाली होती, थोरला होडीवर जायला लागला होता. सून मागे उभी होती आणि या वेळीही डोळे पुसत होती. मी चावी पुढे केली. म्हातारीनं हात पुढे केला नाही.

"आज तिथ कंची?" तिनं विचारलं.

मला धडकी भरली. समारंभाचा दिवस ऑफिसनं ठरवला होता. "अष्टमी," मी म्हटलं.

"परत अष्टमीलाच आलास," ती म्हणाली, आणि जमलेल्या सगळ्या बाया इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. "पुनवेला ये. पानी कुठवर येतं त्ये बगू. मंग घेते."

हार तसेच परत नेले. सात दिवस ती चावी माझ्या खिशात होती. पुनवेला भर दुपारी मी एकटाच गेलो. ती दारात बसली होती, मी तिच्याशेजारी बसलो. खळ्यावर जवळा पसरलेला होता. पाणी चढत आलं, काळ्या रेघेला टेकलं, थोडा वेळ तिथे राहिलं आणि मागे फिरलं. खळं कोरडं होतं.

मग तिनं हात पुढे केला.